पेट्रोल पायाखालून जाते



या वेळी मुलांच्या परीक्षांविषयी लिहायचे ठरवले होते. पण मध्यंतरी गायमुखच्या घाटात जे घडले ते आधी सांगतो. चूक माझी होती आणि तीच चूक इतर घरांतही होत असावी, असे वाटते.

आमच्या आपा मुंब्र्याला राहतात. दुल्हेभाई अंथरुणाला खिळल्यापासून आम्ही दर रविवारी त्यांच्याकडे जातो. नालासोपाऱ्याहून हायवेला लागायचे, वर्सोव्याचा पूल ओलांडायचा, फाउंटनपासून घोडबंदर रोड धरून ठाणे आणि पुढे मुंब्रा. जाऊन-येऊन शंभराच्या वर किलोमीटर होतात आणि पेट्रोलही लिटरला शंभराच्या वर. एके दिवशी बेगमनी घरखर्चाची वही पुढे ठेवली. म्हणाल्या, "आता महिन्यातून दोनदाच जाऊ या." हिशेब बरोबर होता. पण रविवारी दुपारपासून खिडकीत उभ्या राहणाऱ्या आपा डोळ्यांपुढे आल्या आणि मी पेट्रोल वाचवायच्या मागे लागलो.

मला एकच युक्ती ठाऊक होती. उतार लागला की गाडी न्यूट्रल करायची. पूर्वी टॅक्सी चालवणाऱ्या मामूंनी ती शिकवली होती. त्या रविवारी गायमुखच्या उतारावर न्यूट्रलमध्ये गाडी सुसाट सुटली आणि पुढच्या टेम्पोने अचानक ब्रेक मारला. माझी गाडी थांबली, पण टेम्पोपासून जेमतेम हातभर अंतरावर. मागे मुलीच्या मांडीवरचा डबा खाली सांडला. शेजारी एकोणीस वर्षांचा मुलगा बसला होता. त्याला नुकतेच लायसन्स मिळाले आहे आणि न्यूट्रलची युक्ती त्याला मीच शिकवली होती. अल्लाहचा शुक्र, कोणाला काही झाले नाही. पण मुंब्र्यापर्यंत गाडीत कोणी बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी ओळखीच्या मिस्त्री चाचांकडे गेलो. ते म्हणाले, "सर, मामूंच्या गाडीला कार्बोरेटर होता. तुमच्या गाडीत इंजेक्शन आहे. गिअरमध्ये असताना रेसवरून पाय काढला की गाडीतला कॉम्प्युटर पेट्रोल तोडतो. उतारावर चाकेच इंजिन फिरवतात. न्यूट्रल केलीत तर इंजिन बंद पडू नये म्हणून पेट्रोल जळतच राहते. शिवाय इंजिनाची पकड सुटते आणि सगळा भार ब्रेकवर येतो." म्हणजे मी पेट्रोलही वाचवत नव्हतो आणि मुलांचा जीव मात्र धोक्यात घालत होतो.

मग पेट्रोल वाचते कुठे? चाचांनी माझ्या उजव्या पायाकडे बोट दाखवले. पेट्रोल जाळून आपण गाडीला वेग देतो आणि ब्रेक मारला की तो वेग ब्रेकमध्ये उष्णता होऊन संपतो. म्हणून दर वेळी जोरात पळवून जोरात थांबवणे म्हणजे त्याच वेगाचे पैसे पुन्हा पुन्हा भरणे. पुढचा सिग्नल लाल दिसला, गाड्या तुंबलेल्या दिसल्या की लांबूनच रेसवरून पाय काढावा आणि गाडी गिअरमध्येच सावकाश येऊ द्यावी. पुढच्या गाडीपासून अंतर ठेवले की हे आपोआप जमते. क्लचवर पाय टेकवून ठेवण्याची सवयही सोडावी; त्याने इंजिनाची ताकद वाया जाते आणि क्लचप्लेट झिजते.

दुसरी गोष्ट वेगाची. वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध चौपट होतो. पेट्रोलियम मंत्रालयाखाली १९७८ पासून काम करणारी पीसीआरए ही संस्था ताशी ४५ ते ५५ किलोमीटरचा वेग सर्वांत किफायतीचा सांगते. हायवेवर ते नेहमी शक्य नसते, पण ८० ऐवजी ६० नक्की शक्य असते. नालासोपारा फाटा ते फाउंटन हे अंतर साधारण वीस किलोमीटर. रस्ता मोकळा असेल तर ८० ने पंधरा मिनिटे लागतात आणि ६० ने वीस. म्हणजे फरक पाच मिनिटांचा. रमजानमध्ये इफ्तारच्या आधी आपण सगळेच गाडी पळवतो. त्यापेक्षा गाडीत खजूर आणि पाण्याची बाटली ठेवावी. मगरिब झाली तर गाडी बाजूला घेऊन रोजा सोडता येतो. घरचे लोक जेवणापेक्षा तुमची वाट अधिक पाहत असतात.

तिसरी गोष्ट उभ्या गाडीची. लहान पेट्रोल गाडी नुसती चालू ठेवली तरी तासाला अर्धा ते पाऊण लिटर पेट्रोल जाते, एसी लावला तर आणखी. आपल्या वसई-विरारला रेल्वेने दोन भागांत कापले आहे. पूर्व-पश्चिम जायला पूल मोजके, त्यामुळे थांबणे नशिबी आहेच. अर्ध्या मिनिटाहून जास्त थांबायचे दिसले तर इंजिन बंद करावे. शाळा सुटायच्या वेळी गेटबाहेर एसी लावून थांबलेल्या पालकांनाही माझी हीच विनंती आहे. तो धूर मुलांच्याच नाकात जातो.

आता देखभाल. चाकातली हवा पंक्चर नसतानाही महिन्याला थोडी उतरते आणि हवा कमी असली की गाडी जड चालते. ड्रायव्हरच्या दरवाज्याजवळ स्टिकरवर हवेचा आकडा दिलेला असतो. पंधरा दिवसांतून एकदा, टायर थंड असताना, तेवढीच हवा भरावी. एअर फिल्टर प्रत्येक सर्व्हिसिंगला काढून बघावा. आपल्याकडच्या धुळीत तो लवकर भरतो आणि पिकअप मंदावतो. इंजिन ऑइल गाडीच्या पुस्तकात सांगितलेल्या ग्रेडचेच टाकावे. गाडी चालवून आल्यावर एखादे चाक बाकीच्यांपेक्षा फार तापलेले जाणवले तर तिथला ब्रेक चिकटत असतो. तो लगेच दाखवावा. आणि डिकी रिकामी करावी. आमच्या डिकीत जुन्या पुस्तकांचे दोन गठ्ठे आणि गेल्या लग्नातले एक पातेले निघाले!

हे सगळे खरे की नाही, ते वहीत उतरवल्यावर कळते. टाकी फुल करा, किलोमीटरचा आकडा लिहा. पुढच्या वेळी पुन्हा टाकी फुल करा. मधले किलोमीटर भागिले आता भरलेले लिटर, एवढेच गणित. आमच्या घरी हे काम मुलीकडे दिले. महिन्याला आमची गाडी सुमारे ५०० किलोमीटर चालते. आधी ॲव्हरेज १३ पडत होते, म्हणजे ३८ लिटर लागत. दोन महिन्यांनी ते १६ वर आले आणि ३१ लिटरमध्ये भागले. वाचलेल्या सात लिटरमध्ये मुंब्र्याची एक फेरी होते. चारांतला एक रविवार वहीतून निघाला.

राहिलेली कसर आम्ही गाडी घरी ठेवून भरून काढली. मी एकटा जाणार असेन तर वसई रोडहून दिव्याची गाडी पकडतो. तिच्या फेऱ्या मोजक्या आहेत, पण दिव्यानंतर मुंब्रा पुढचेच स्टेशन. तसेच वसई किल्ल्याजवळून भाईंदरला फेब्रुवारी २०२४ पासून रो-रो बोट आहे. रस्त्याने ३८ किलोमीटरच्या आसपास होणारे अंतर खाडीतून चार किलोमीटरही नाही. मीरा रोडला पाहुणे असलेल्या कुटुंबांनी ती जरूर आजमावावी.

आता दर रविवारी आपांकडे कोणी ना कोणी जातेच. गेल्या रविवारी गाडी मुलाने चालवली. गायमुखच्या उतारावर त्याचा हात गिअरकडे गेला तेव्हा माझ्या पोटात धस्स झाले. त्याने तिसरा गिअर टाकला आणि म्हणाला, "अब्बा, घाबरू नका." आपांचा डबा या वेळी जसाच्या तसा पोहोचला.

शिक्षक आहे, तेव्हा गृहपाठ दिल्याशिवाय राहवत नाही. या महिन्यात गाडीत एक वही ठेवा आणि तिचा हिशेब घरातल्या मुलांकडे द्या. आकडे आम्हाला कळवायला विसरू नका.