कॅमकॉर्डर घेताय? आधी फॉरमॅट बघा!

धुळ्याहून सुमारे ५० किलोमीटरवरच्या मालेगावात नासीर शेख यांनी ‘मालेगाव के शोले’ साध्या व्हिडिओ कॅमेऱ्यावर काढला. महागड्या कॅमेऱ्यावाचून अडत नाही, हे तेव्हाच दिसले. अडते ते नंतर, केलेले चित्रण बघता येईनासे झाल्यावर! जळगाव-धुळ्यात कितीतरी घरांत लग्नाच्या कॅसेट कपाटात आहेत, पण त्या लावायला व्हीसीआर नाही. फुनाई या जपानी कंपनीनेही २०१६ मध्ये व्हीसीआर बनवणे थांबवले. म्हणून कॅमेरा निवडताना आधी फॉरमॅट बघा.

▪ मिनीडीव्ही : जुना कॅमेरा स्वस्तात मिळतो. पण टेप उतरवायला फायरवायर पोर्ट लागतो; तो नव्या लॅपटॉपमध्ये नसतो. तासाभराचे चित्रण सुमारे १३ जीबी होते.

▪ एव्हीसीएचडी : सोनी-पॅनासॉनिकने २००६ मध्ये आणला. चित्र उत्तम, मात्र कॉपी करताना अख्खे फोल्डर घ्यावे लागते.

▪ एमपी४ : एच.२६४ प्रकार बहुतेक मोबाइलवर थेट चालतो. एच.२६५ बरीच कमी जागा घेतो, पण जुन्या फोनवर अडखळतो.

घरगुती वापराला फुल एचडी, एमपी४ आणि बाहेरचा माइक जोडायची सोय पुरेशी आहे. ‘डिजिटल झूम’च्या आकड्याला भुलू नका, ऑप्टिकल झूम विचारा. दुकानातच मिनिटभर चित्रण करून आपल्या फोनवर लावून बघा.

आणि नव्या कॅमेऱ्याआधी जुन्या कॅसेट डिजिटल करून घ्या, दोन ठिकाणी जपा. आपल्याकडचा उन्हाळा टेपला मानवत नाही. कॅमेरा पुन्हा घेता येईल; आजीचा आवाज नाही.