पुनर्जन्म कुणाचा? : ग्रीक मूर्ती आणि मराठी समीक्षेची दृष्टी

अभिजात ग्रीक मूर्तिकला आणि तिच्यामागील धर्म यांना आपल्या काळात नवजीवन लाभत आहे, हे विधान कलाचर्चेत आता रूढ झाले आहे. त्यासाठी सामान्यतः दोन दाखले दिले जातात. ग्रीक मूर्ती मुळात पांढऱ्या नव्हत्या, रंगवलेल्या होत्या, ही अभ्यासकांना पूर्वीपासून ठाऊक असलेली गोष्ट २००३ साली म्युनिक येथे मांडलेल्या रंगीत प्रतिकृतींनी सर्वसामान्य प्रेक्षकांपुढे आणली. आणि २०१७ साली ग्रीक शासनाने प्राचीन देवतांच्या आजच्या उपासकांच्या धर्माला मान्यता दिली. दाखले खरे आहेत. त्यांवरून काढला जाणारा निष्कर्ष मात्र संशयास्पद आहे. कारण मूर्ती ‘जिवंत’ असते म्हणजे काय, हा प्रश्नच त्यात विचारलेला नसतो. मराठी समीक्षेला तो विचारणे सहज शक्य होते. तिने तो विचारला नाही. उलट तो विचारता येऊ नये अशीच आपली परिभाषा घडवली.

या परिभाषेचे मूळ युरोपीय आहे. १७५५ साली विंकेलमानने ग्रीक शिल्पात शांत, संयत भव्यतेचा आदर्श पाहिला, तेव्हा त्याच्यापुढे प्रामुख्याने रंग उडालेले, देवळातून उखडलेले, बव्हंशी रोमन काळातील नकलांच्या रूपाने उरलेले संगमरवर होते. हेगेल अधिक प्रामाणिक. या देवप्रतिमा कितीही परिपूर्ण वाटल्या तरी त्यांच्यापुढे आपले गुडघे आता टेकत नाहीत, हे त्याने स्वच्छ सांगितले. हेगेलचे हे विधान त्याच्या काळातील युरोपीय माणसाच्या स्थितीविषयी आहे. मराठी सौंदर्यशास्त्राने त्याला कलेच्या स्वरूपाविषयीचे सिद्धांतवचन मानले. मर्ढेकरांच्या ‘सौंदर्य आणि साहित्य’ने (१९५५) संवाद, विरोध, समतोल या लयतत्त्वांत कलाकृतीचे रहस्य शोधले. रा. भा. पाटणकरांच्या ‘सौंदर्यमीमांसे’ने (१९७४) लौकिकतावादी आणि अलौकिकतावादी अशा दोन ध्रुवांची मांडणी करून ही कोंडी बरीच सैल केली, तथापि पूजेतील मूर्ती दोन्ही ध्रुवांच्या मध्ये निराधारच राहिली. ती निव्वळ घाट नाही आणि निव्वळ आशयही नाही. तिला स्नान घालावे लागते.

खुद्द ग्रीकांच्या मूर्तीची अवस्था हीच होती. पाठ्यपुस्तके पार्थेनॉनमधील फिडियसच्या सुवर्णहस्तिदंती अथीनेची थोरवी गातात. पण अथेन्सवासी उत्सवप्रसंगी विणलेले वस्त्र अर्पण करीत ते ऑलिव्हच्या लाकडाच्या एका प्राचीन, कलादृष्ट्या बहुधा ओबडधोबड मूर्तीला. वर्षातून एकदा तिची वस्त्रे व अलंकार उतरवून तिला झाकून ठेवीत, स्नान घालीत. तो दिवस नगराला अशुभ मानला जाई. डेल्फी येथे एका पाषाणावर रोज तेल ओतले जाई आणि सणाच्या दिवशी लोकर वाहिली जाई, असे पॉझेनियस सांगतो. धाराशिव जिल्ह्यातील वाचकाला यात नवल वाटण्याचे कारण नाही. तुळजापूरची भवानी सिंहासनावरून उतरवून पलंगावर निद्रेसाठी ठेवली जाते. शेंदराचा तांदळा तर शिवेशिवेवर आहे. या साम्यावरून दोहोंचे मूळ एक ठरत नाही, आणि तसे सुचवणे हा उथळपणा होईल. ठरते ते एवढेच, की ग्रीक मूर्ती समजून घेण्यास आवश्यक असलेला अनुभव म्युनिकच्या प्रेक्षकाला नाही आणि तुळजापूरच्या भाविकाला आहे. रंग परत आणता येतो. स्नानाचे दायित्व परत आणता येत नाही.

महाराष्ट्रात प्रत्यक्ष सापडलेल्या ग्रीक देवाची कथा या दृष्टीने उद्बोधक आहे. कोल्हापूरजवळ ब्रह्मपुरी येथे १९४०च्या दशकातील उत्खननांत पोसायडनची छोटी कांस्यमूर्ती मिळाली. तिची चर्चा प्रायः दोनच अंगांनी झाली : रोमन व्यापाराचा पुरावा म्हणून आणि ग्रीक शैलीचा नमुना म्हणून. पोसायडन हा केवळ समुद्राचा देव नव्हे, भूमी हादरवणाराही आहे, ही बाब मूर्तीच्या ‘बाह्य’ माहितीत ढकलली गेली. वस्तुतः ग्रीकांच्या लेखी तीच मुख्य होती. इ. स. पू. ३७३मध्ये हेलिके नगर भूकंपाने आणि समुद्राने गिळले. स्ट्रॅबोने नोंदवलेल्या आख्यायिकेप्रमाणे आयोनियाच्या लोकांनी तेथील पोसायडनची मूर्ती, निदान देवालयाची प्रतिकृती मागितली होती. हेलिकेकरांनी ती नाकारली म्हणून देव कोपला. पुढे नावाडी सांगत, की कांस्याचा पोसायडन पाण्याखाली उभाच आहे आणि कोळ्यांच्या जाळ्यांना त्याचा धोका आहे. प्रतिकृती देणे-न देणे हा येथे शैलीचा प्रश्न नाही. गाव राहील की जाईल, याचा आहे.

हा प्रश्न मराठवाड्याला परका नाही. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे झालेल्या भूकंपाने उद्ध्वस्त केलेल्या गावांत आजच्या लोहारा तालुक्यातील सास्तूर होते. आदल्याच दिवशी अनंत चतुर्दशी होती. मातीचे गणपती पाण्यात विरघळले आणि काही तासांत मातीची-दगडाची घरे कोसळली. जेथे मूर्ती दहा दिवसांकरिता घडवली जाते आणि तिचे विसर्जन हाच तिचा पूर्णविराम असतो, तेथे ‘चिरंतन संगमरवर’ हे कलेचे प्रमाण कसे ठरू शकते? आणि देव असतानाही घर का पडले, या सास्तूरच्या प्रश्नाला मूर्तीच्या सौष्ठवाची मीमांसा काय उत्तर देणार? हेलिकेच्या आख्यायिकेनेही त्याला न्याय्य उत्तर दिलेले नाही. परंतु प्रश्न मूर्तीशी निगडित आहे, हे तिने ओळखले आहे.

येथे देशीवादी भूमिकेतून आक्षेप येईल, की मग ग्रीक हवेतच कशाला? या आक्षेपातील विसंगती अशी, की नाकारताना तोही युरोपने धुऊन पांढरा केलेला ग्रीकच खरा मानतो. तेरचे उदाहरण दोन्ही पक्षांना अडचणीचे आहे. ‘पेरिप्लस’मध्ये तगर या नावाने उल्लेखिलेले हे नगर पहिल्या शतकात पैठणच्या पूर्वेस भरभराटीला आले होते. येथील केओलिनच्या मृण्मूर्तींत दुहेरी साच्याचे तंत्र दिसते व ते रोमन संपर्कातून आले असे मानतात. चेहरेमोहरे, केशरचना, अलंकार मात्र इथले. तंत्र आले म्हणून देव आला नाही, आणि तंत्र परके म्हणून मूर्ती परकी झाली नाही. पुढे याच गावी गोरोबा कुंभार झाले. मातीशी इतका दीर्घ संबंध असलेल्या भूमीला ‘प्रभाव की अस्मिता’ असा दुबळा पर्याय देणे हे समीक्षेचे दारिद्र्य आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे : ही श्रद्धेची वकिली नव्हे काय? नव्हे. शेंदराच्या दगडाभोवती भय आहे, जातींचे मानपान आहेत, कोणी किती अंतरावर उभे राहायचे याचे नियम होते आणि सर्वत्र मिटलेले नाहीत. मूर्तीला पूजेपासून तोडणारी समीक्षा या अन्यायाचाही विचार करू शकत नाही. कारण तिच्या लेखी तोही कलाबाह्य ठरतो. समीक्षकाने गुडघे टेकावेत अशी मागणी नाही. टेकलेल्या गुडघ्यांचा हिशेब तिने द्यावा, एवढीच आहे.

साहित्यविचारालाही हे लागू आहे. विंदा करंदीकरांनी ॲरिस्टॉटलचे काव्यशास्त्र १९५७मध्ये मराठीत आणले, त्याला आता सहा दशकांहून अधिक काळ लोटला. कॅथार्सिसला ‘विरेचन’ म्हणावे की ‘शुद्धी’, याचा खल वर्गावर्गांतून चालू राहिला. परंतु अथेन्सच्या उत्सवात शोकात्मिकेपूर्वी डायोनायससची मूर्तीच नाट्यगृहात आणली जाई, म्हणजे प्रेक्षकांत देवही असे, ही गोष्ट त्या चर्चेत तळटीपेपुरती उरली. देवीपुढे गोंधळ घालणाऱ्या समाजातील विद्यार्थ्याला कॅथार्सिस परिभाषाकोशातून शिकावे लागते, यात दोष विद्यार्थ्याचा नाही.

तेव्हा पुनर्जन्म झाला आहे तो ग्रीक मूर्तीच्या प्रतिकृतीचा, आणि तोही रंगासहित. मूर्तीचा प्रश्न अद्याप उघडाच आहे, आणि तो उघडण्यासाठी लागणारी सामग्री युरोपच्या संग्रहालयांइतकीच तेर, तुळजापूर आणि सास्तूर येथे पडून आहे.