गाळ्याला मालकाचे कुलूप लागले तर?

रमजानच्या शेवटच्या दिवसांत शिंप्याला मान वर करायला फुरसत नसते. अशाच एका सकाळी आमच्या मोहल्ल्यातले टेलर चाचा दुकानावर गेले, तर शटरला त्यांच्या कुलुपाशेजारी दुसरे कुलूप. आत मशिनी आणि गिऱ्हाइकांचे ईदचे कपडे. तीन महिन्यांचे भाडे थकले होते, हे खरे. मालकाला भाडे वाढवून हवे होते, हेही खरे. मुलगा हातोडी घेऊन निघाला होता. चाचा म्हणत होते, "राहू दे बेटा, गाळा त्याचा, भाडे आपण थकवलेले. आपले काय चालणार?"

आमच्या मते दोघेही चुकत होते.

चाचा चुकत होते, कारण गाळा मालकाचा असला तरी ताबा भाडेकरूचा असतो, आणि तो न्यायालयाच्या हुकमाशिवाय काढून घेता येत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा दुकानांनाही लागू आहे. भाडे थकल्याबद्दल दावा लावायचा तर मालकाने आधी लेखी नोटीस देऊन ९० दिवस थांबावे लागते. दाव्याचे समन्स मिळाल्यावरही ९० दिवसांत थकबाकी १५ टक्के व्याजासह आणि दाव्याच्या खर्चासह भरून भाडेकरूला आपली जागा वाचवता येते. वीज-पाणी तोडून भाडेकरूला जेरीस आणणेही या कायद्याला मंजूर नाही. कराराची मुदत संपली असली, तरी जो शांतपणे ताब्यात बसला आहे त्याला कायद्याच्या मार्गानेच काढावे लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली कृष्णा राम महाले प्रकरणात स्पष्ट केले आहे.

मुलगा चुकत होता, कारण कुलूप तोडले की फिर्यादी बदलतो. कालपर्यंत ज्याच्यावर अन्याय झाला, तोच आज तोडफोडीचा आरोपी होतो. वर मारामारी झाली, तर दुकानाचा मुद्दा बाजूलाच राहतो.

मग करायचे काय? त्याच दिवशी कुलुपाचे, पाटीचे, शटरचे फोटो घ्या. आत काय काय आहे, त्यातले आपले किती आणि गिऱ्हाइकांचे किती, याची यादी करून शेजारच्या दोन दुकानदारांच्या सह्या घ्या. पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. "हा दिवाणी मामला आहे," असे उत्तर बहुधा मिळेल. तरी अर्ज द्याच, कारण कुलूप कोणत्या तारखेला लागले याचा तो पुरावा असतो. ठाण्यात घेतला नाही, तर अधीक्षक किंवा आयुक्तांकडे स्पीड पोस्टने पाठवा. थकलेले भाडे बँकेतून मालकाच्या खात्यात भरा. मालक घेत नसेल, तर आपण द्यायला तयार होतो हे पत्राने कळवा.

आणि लगेच वकील गाठा. स्पेसिफिक रिलीफ अ‍ॅक्ट, १९६३ च्या कलम ६ खाली ताबा परत मागता येतो. तिथे मालक कोण हा प्रश्नच नसतो. ताबा कोणाचा होता आणि तो कायद्याशिवाय काढला का, एवढेच पाहिले जाते. मात्र हा दावा सहा महिन्यांच्या आत लावावा लागतो आणि तो सरकारविरुद्ध चालत नाही. समजुतीच्या बैठकांत सहा महिने कधी सरतात ते कळत नाही. बैठका जरूर करा, पण तारीख विसरू नका. माल नासण्यासारखा असेल, तर न्यायालयाकडे तातडीचा हुकूम आणि कमिशनर नेमण्याची मागणी करता येते. दुकान बाईच्या नावावर असेल, तर तिला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो. गाळा वक्फचा असेल, तर वाद वक्फ न्यायाधिकरणाकडे जाऊ शकतो. ते वकिलाला पहिल्याच भेटीत सांगा.

चाचांकडे करारनामा नव्हता. सगळा व्यवहार शब्दावर. पण भाड्याच्या जुन्या पावत्या, गुमास्ता परवाना आणि लाइट बिले चाचींनी पेटीत जपून ठेवली होती. त्यांवरच वकिलाची नोटीस उभी राहिली. ईदच्या दोन दिवस आधी मालकाने कुलूप काढले, चाचांनी थकबाकी भरली. तरी निम्मे कपडे अर्धवट राहिले आणि काही गिऱ्हाइके कायमची गेली.

देवघेव लिहून ठेवा, साक्षीदार ठेवा, अशी शिकवण सूरह बकरात आहे. ती आपण निकाहाच्या वेळी पाळतो, गाळा घेताना विसरतो. कायद्याने भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि ती नोंदणी करण्याची जबाबदारी मालकाची आहे. भाड्याची पावती मागणे म्हणजे मालकावर अविश्वास नव्हे, तो आपला हक्क आहे.

शेवटी एक गोष्ट आपल्यातल्या मालकांसाठी. आपलेही गाळे भाड्याने आहेत, आपल्या मशिदींच्या ट्रस्टचेही आहेत. भाडे थकले तर नोटीस द्या, न्यायालयात जा, तो तुमचा हक्क आहे. पण रात्रीतून कुलूप लावू नका. त्या शटरच्या आड एका घराची रोजीरोटी असते.