न दिसणाऱ्या जखमेचा न्याय

सुरुंगाच्या स्फोटात पाय गमावलेला जवान गावी परततो, तेव्हा त्याच्या त्यागाचा पुरावा कोणी मागत नाही. कुबडीच साक्ष देते. परंतु पंधरा-वीस वर्षे सीमेवर काढून जो केवळ पोटाचे दुखणे घेऊन परततो, त्याचे काय? वरून तो धडधाकट दिसतो. मात्र त्याला एसटीचा दीर्घ प्रवास झेपत नाही आणि कारखान्याच्या फाटकावर सुरक्षारक्षक म्हणून आठ तास सलग उभे राहवत नाही. घरच्यांना त्याच्या चिडचिडीचे कारण कळत नाही आणि पेन्शनच्या कागदावर शिक्का पडलेला असतो : ‘आजार सेवेमुळे उद्भवलेला नाही, सेवेमुळे बळावलेलाही नाही.’

इरिटेबल बॉवेल सिंड्रोम अर्थात आयबीएस हा अशा अदृश्य आजारांचा बोलका नमुना आहे. पोटात कळा येणे, कधी जुलाब तर कधी बद्धकोष्ठ, शौचाची अनावर घाई ही त्याची लक्षणे. रक्त तपासले, दुर्बिणीतून आतडे पाहिले तरी ठोस काही हाती लागत नाही. कारण बिघाड आतड्याच्या रचनेत नसून आतडे आणि मेंदू यांच्या परस्परसंबंधात असतो. जंतुसंसर्गाने झालेल्या तीव्र जुलाबांनंतर काहींना हा विकार कायमचा जडतो आणि मानसिक ताणाने तो बळावतो, हे वैद्यकशास्त्राने मान्य केले आहे. दूषित पाणी, अवेळी जेवण, अपुरी झोप आणि अखंड सावधानता हे आघाडीवरील जवानाचे नित्याचे जीवन आहे. मग त्याच्या पोटाचा सेवेशी संबंध नाही, असे कोणत्या आधारावर म्हणायचे?

या प्रश्नाला अमेरिकेने दिलेले उत्तर अभ्यासण्याजोगे आहे. १९९०-९१च्या आखाती युद्धात तिचे सुमारे ७ लाख सैनिक उतरले होते. परतल्यावर त्यांतील अनेकांना थकवा, सांधेदुखी आणि पोटाच्या तक्रारींनी ग्रासले; निदान मात्र होईना. १९९४मध्ये तेथील संसदेने निदान न झालेल्या आजारांनाही भरपाई देण्याचा कायदा केला आणि २००१मध्ये त्यात आयबीएसचा नावानिशी समावेश केला. त्या रणभूमीवर सेवा केली असेल आणि ठरलेल्या प्रमाणात आजार असेल, तर तो सेवेमुळेच झाला असे शासनाने गृहीत धरायचे. सैनिकाने कार्यकारणभाव सिद्ध करायचा नाही, हे त्यामागचे तत्त्व.

पण कायदा उदार असला म्हणून कारकुनी उदार होतेच असे नाही. तेथील संसदेच्या लेखापरीक्षण संस्थेने २०१७मध्ये दाखवून दिले की, २०१५च्या आर्थिक वर्षात आखाती युद्धाशी निगडित आजारांचे केवळ १७ टक्के दावे मंजूर झाले होते. तपासणाऱ्या डॉक्टरांनाच या आजारांचे पुरेसे प्रशिक्षण नव्हते. परिणामी, कायद्याने जे आधीच दिले होते ते मिळवण्यासाठी माजी सैनिकांना वर्षानुवर्षे अपिले लढवावी लागली.

आपल्याकडे तत्त्वाची उणीव कधीच नव्हती. १९८२च्या नियमांतच म्हटले होते की, दावेदाराला पुरावा देण्यास भाग पाडू नये, संशयाचा फायदा त्यालाच मिळावा आणि आघाडीवर सेवा केलेल्यांना तो अधिक उदारपणे द्यावा. २००८च्या नियमांत ही उदार भाषा आक्रसली. तरीही २०१३ साली, अपस्माराच्या कारणावरून सेवामुक्त केलेल्या सिग्नल्स कोअरच्या एका जवानाच्या खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने जुने तत्त्व ठामपणे उचलून धरले. भरतीच्या वेळी जो निरोगी ठरला, त्याचा नंतरचा आजार सेवेमुळे नाही असे म्हणायचे असेल तर ते शासनाने सकारण सिद्ध करावे, असा त्याचा आशय. मार्च २०२५मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने मधुमेहाच्या प्रकरणात स्पष्ट केले की, आजार शांतता क्षेत्रात उद्भवला एवढ्यावरून पेन्शन नाकारता येत नाही.

तरीही खटले थांबत नाहीत. २०१५मध्ये तत्कालीन संरक्षणमंत्री, गोव्याचे सुपुत्र मनोहर पर्रीकर यांनी खटल्यांचा हा डोंगर कमी करण्यासाठी तज्ज्ञ समिती नेमली होती. राजकीय नेतृत्वाची भूमिका स्वच्छ होती. पण फायलीची सवय सुटली नाही. सशस्त्र दल न्यायाधिकरणाने सैनिकाच्या बाजूने निकाल दिला, की त्याविरुद्ध वरच्या न्यायालयात जायचे, हा परिपाठ चालूच राहिला. जुलै २०२५मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने केंद्राच्या अशा सुमारे ३०० याचिका एकत्रितपणे फेटाळल्या.

हा संघर्ष कशासाठी? १०० टक्के अपंगत्वाला अखेरच्या वेतनाच्या ३० टक्के, या मूळ दराने २० टक्के अपंगत्वाचे होतात अवघे ६ टक्के. एवढ्यासाठी निवृत्त नाईक वकिलाचे उंबरठे झिजवतो आणि त्याच्याविरुद्ध राष्ट्राच्याच तिजोरीतून वकील उभा राहतो. हे चित्र शोभादायक नाही.

दुसरी बाजूही प्रामाणिकपणे पाहिली पाहिजे. २०१५-१६ ते २०१९-२०च्या काळात निवृत्त होणाऱ्या अधिकाऱ्यांपैकी चाळीस टक्क्यांच्या आसपास, तर अन्य हुद्द्यांवरील सैनिकांपैकी अठरा टक्क्यांपर्यंत अपंगत्व पेन्शन घेऊन बाहेर पडले, याकडे महालेखापालांनी लक्ष वेधले होते. सवलतीचा गैरफायदा घेणारे असतील, तर त्यांना पाठीशी घालण्याचे कारण नाही. खोटा दावा हा खऱ्या रुग्णाच्या ताटातला घास असतो. मात्र त्यावरील उपाय काटेकोर तपासणी हा आहे. सरसकट नकार आणि सरसकट अपील हा नव्हे. काही लबाडांच्या भीतीने हजारो प्रामाणिकांवर संशय घेणे हे सैन्याच्या मनोबलाला लागलेली कीड ठरेल.

म्हणून तीन गोष्टी तातडीने व्हाव्यात. वैद्यकीय मंडळाने छापील शिक्क्याऐवजी प्रत्येक नकाराची कारणे लिहावीत. मे २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही याच सकारणतेचा आग्रह धरला आहे. आयबीएससारख्या आजारांत सैनिकाच्या पूर्ण सेवाकाळातील उपचारांच्या नोंदी विचारात घ्याव्यात. आणि कायद्याचा नवा प्रश्न नसेल, तर न्यायाधिकरणाचा निकाल शासनाने अंतिम मानावा.

समाजाचेही कर्तव्य आहे. ७ डिसेंबरला ध्वजनिधी देऊन ते संपत नाही. आपल्या गल्लीतल्या माजी सैनिकाची कागदपत्रे कोणी वाचली आहेत का? जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयापर्यंत त्याच्यासोबत कोणी गेले आहे का? एखादा डॉक्टर, एखादा वकील, अर्ज नीट लिहू शकणारा एखादा शिक्षक प्रत्येक वस्तीत असतो. पोटाचे दुखणे चारचौघांत सांगायला संकोच वाटतो, म्हणून तो गप्प राहतो. राष्ट्रासाठी ज्याने शरीर झिजवले, त्याला ती झीज मोजून दाखवण्याची वेळ येऊ नये. आणि आलीच, तर त्या दारात तो एकटा उभा नसावा.