दर वेगळे असतील, संधी वेगळी नको

मुलांच्या मूत्रपिंडाच्या कर्करोगांपैकी सुमारे ९० टक्के 'विल्म्स ट्यूमर' या प्रकारचे असतात. बहुतेकदा तो पाच वर्षांच्या आतल्या बालकांना होतो. जगभर त्याचे प्रमाण मात्र सारखे नाही. पंधरा वर्षांखालील दहा लाख मुलांमागे युरोप-अमेरिकेतील गोऱ्या मुलांत वर्षाला साधारण आठ रुग्ण आढळतात. आफ्रिकी वंशाच्या मुलांत ते त्याहून अधिक, तर जपान-चीनसारख्या देशांत जेमतेम तीन-चार असतात. कुटुंब अमेरिकेत स्थायिक झाले, तरी पूर्व आशियाई मुलांत हे प्रमाण कमीच राहते. त्यामुळे हवा-पाण्यापेक्षा अनुवंशाचा वाटा मोठा असावा, असे संशोधक मानतात.

जगण्याच्या शक्यतेतली तफावत मात्र अनुवंशाने आलेली नाही. श्रीमंत देशांत दहापैकी नऊ मुले बरी होतात. आफ्रिकेतील अनेक गरीब देशांत जेमतेम निम्मी वाचतात. उशिरा झालेले निदान, औषधांचा तुटवडा आणि खर्चापायी अर्ध्यावर सुटलेले उपचार ही त्याची कारणे आहेत. ती माणसाने दूर करण्याजोगी आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये बालकर्करोगांसाठी मोहीम सुरू करताना प्राधान्याच्या सहा कर्करोगांत याचा समावेश केला, तो याचसाठी.

पालकांना एकच विनंती: मुलाच्या पोटात गाठ लागली किंवा लघवीतून रक्त गेले, तर पोट चोळू नका, घरगुती उपायांत दिवस घालवू नका. लगेच बालरोगतज्ज्ञांकडे जा. वेळेत ओळखलेला हा आजार बरा होतो.