ऑइल तासांवर जुनं होतं

टॉमटॉम या कंपनीच्या २०२४ सालच्या वाहतूक निर्देशांकात पुणं जगातल्या सर्वांत संथ शहरांमध्ये चौथं आलं. दहा किलोमीटर अंतर कापायला सरासरी ३३ मिनिटं २२ सेकंद. बातमी आली तेव्हा चर्चा रंगली ती रस्त्यांची, उड्डाणपुलांची आणि मेट्रोच्या कामांची. त्या कोंडीत तापत उभ्या असलेल्या इंजिनांचा विषय फारसा निघाला नाही. खरं तर त्या आकड्यात प्रत्येक वाहनमालकाच्या खिशाशी जोडलेला एक साधा हिशेब दडलेला आहे. हा वेग ताशी १८ किलोमीटरचा. या वेगाने दहा हजार किलोमीटर म्हणजे इंजिन सुमारे साडेपाचशे तास चाललं. हेच अंतर ताशी ८० किलोमीटरने द्रुतगती मार्गावर कापलं असतं तर इंजिन सव्वाशे तासच चाललं असतं. गाडीचा मीटर दोन्ही वेळा एकच आकडा दाखवतो आणि ऑइल कधी बदलायचं, ते आपण त्याच आकड्यावर ठरवतो.

मुळशी, हवेलीतला शेतकरी असं करत नाही. त्याच्या ट्रॅक्टरला तासांचा मीटर असतो आणि अनेक ट्रॅक्टरच्या पुस्तिकांत ऑइल बदलायचं ते अडीचशे तासांच्या हिशेबाने सांगितलेलं असतं. ट्रॅक्टर दिवसभर राबून शेताबाहेरही जात नसेल, पण ऑइल झिजत असतंच. हिंजवडीच्या रस्त्यावर पहिल्या गियरमध्ये रांगणाऱ्या मोटारीची गत काही वेगळी नाही. नुसतं उभं असलेलं इंजिन नांगरणाऱ्या इंजिनाएवढं राबत नाही, हे मान्य. पण वारा लागत नाही, पंखा सतत फिरतो आणि ऑइल तापतच राहतं. म्हणूनच बहुतेक गाड्यांच्या पुस्तिकेत खडतर वापरासाठी वेगळं, आखूड वेळापत्रक दिलेलं असतं. थांबत-थांबत चालणं, छोट्या फेऱ्या, धूळ, घाट अशी त्याची लक्षणं असतात. हे पान वाचलं तर पुण्यातली जवळपास प्रत्येक गाडी खडतर वापरातच मोडते.

अशा शहरात ‘सिंथेटिक टाकू का?’ हा प्रश्न पडणं स्वाभाविक आहे आणि त्याचं उत्तर बहुतेक वेळा ‘टाका’ असंच आहे. फक्त तो दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न डब्याच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत छापलेल्या खुणांचा, आणि तोच आपल्याकडे विचारला जात नाही. नाना पेठेतल्या स्पेअर पार्टच्या दुकानात किंवा गल्लीतल्या गॅरेजमध्ये गिऱ्हाईक ‘सिंथेटिक’ मागतं आणि समोरचाही ‘सिंथेटिक’ देतो. दोघांनाही व्यवहार चोख झाल्यासारखा वाटतो.

पण डब्याच्या दर्शनी बाजूवरच्या या शब्दाला वाटतो तेवढा अर्थ नाही. मूळ सिंथेटिक ऑइल म्हणजे रेणू जोडून घडवलेलं तेल, म्हणजे पॉलिअल्फाओलेफिन किंवा एस्टर. १९७४ साली बाजारात आलेलं मोबिल वन त्या घराण्यातलं. पुढे कच्च्या तेलावरच तीव्र हायड्रोजन प्रक्रिया करून जवळपास तितकंच शुद्ध तेल बनवण्याचं तंत्र आलं आणि त्यालाही सिंथेटिक म्हणायचं का, यावर मोबिल आणि कॅस्ट्रॉल यांच्यात अमेरिकेत वाद झाला. १९९९ साली तिथल्या जाहिरातींवर देखरेख करणाऱ्या संस्थेने कॅस्ट्रॉलच्या बाजूने कौल दिला. तेव्हापासून या दोन्ही प्रकारच्या तेलांवर एकच शब्द झळकू लागला. यात फसवणूक आहे असं म्हणता येणार नाही. हायड्रोजन प्रक्रियेचं तेलही साध्या खनिज तेलापेक्षा उष्णतेत जास्त टिकतं, कमी उडतं, लवकर घट्ट होत नाही. पुण्याच्या कोंडीत नेमके हेच गुण हवे असतात. मात्र ‘सिंथेटिक’ हा शब्द ते तेल आपल्या इंजिनासाठी बनलं आहे की नाही, याबद्दल काहीच सांगत नाही.

ते सांगतात आकडे आणि अक्षरं. ‘५डब्ल्यू-३०’मधला डब्ल्यू हिवाळ्याचा. तो आकडा कडाक्याच्या थंडीत तेल किती सहज फिरतं ते सांगतो. पाचची चाचणी उणे ३० अंशांवर होते, वीसची उणे १५ वर. पुण्यात आजवर नोंदलं गेलेलं सर्वांत कमी तापमान १.७ अंश सेल्सिअस, तेही १७ जानेवारी १९३५ चं. म्हणजे थंडीत गाडी चालू होईल की नाही, ही पुणेकराची चिंताच नाही. सकाळी पहिल्या काही सेकंदांत पातळ तेल वरच्या कॅमपर्यंत लवकर पोहोचतं, एवढा फायदा मात्र इथेही मिळतो. दुसरा आकडा इंजिन तापल्यावर, शंभर अंशांवर, तेल किती दाट राहतं याचा. गोंधळ होतो तो इथे.

‘आपल्याकडे ऊन फार, जरा जाड ऑइल टाका,’ हा सल्ला पुण्यातल्या गॅरेजमध्ये अजून ऐकू येतो. जुन्या, ढिल्या इंजिनांच्या काळात त्यात तथ्य होतं. आजच्या इंजिनाचं तापमान बाहेरच्या उन्हावर नाही, थर्मोस्टॅट आणि रेडिएटरवर ठरतं. मारुतीच्या अलीकडच्या काही पेट्रोल इंजिनांना ०डब्ल्यू-१६ इतकं पातळ तेल लागतं. त्यांच्या फटी, तेलाचा पंप, व्हॉल्व्हची वेळ बदलणारी यंत्रणा हे सगळं त्या पातळपणावर बेतलेलं असतं. तिथे प्रेमापोटी २०डब्ल्यू-५० ओतलं तर तेल बारीक वाटांतून उशिरा पोहोचतं आणि पेट्रोलही जास्त जळतं. जाहिरातीत ज्या ‘एआरएआय मायलेज’चा दाखला दिला जातो, त्या चाचण्या घेणारी संस्था वेताळ टेकडीवरच आहे, १९६६ साली स्थापन झालेली. तिथली गाडी कंपनीने ठरवलेलं ऑइल घालून तपासली जाते. घरी आणून वेगळंच ऑइल घालायचं आणि ॲव्हरेज मिळत नाही म्हणून कुरकुरायचं, याला काय म्हणावं?

दाटपणानंतर येते प्रत. अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटच्या खुणांमध्ये एस अक्षराने सुरू होणारी प्रत पेट्रोल इंजिनांची, सी ने सुरू होणारी डिझेलची. मे २०२० पासून ‘एसपी’ ही प्रत लागू झाली आणि तिच्यामागचं कारण पुण्याशी थेट जुळतं. छोट्या टर्बो पेट्रोल इंजिनांत, विशेषतः सिलिंडरमध्ये थेट इंधन फवारणाऱ्या इंजिनांत, कमी फेऱ्यांवर जोर पडला की ठिणगीच्या आधीच मिश्रण पेट घेऊ शकतं. पिस्टन फुटण्यापर्यंत मजल जाते. या अकाली स्फोटांत ऑइलमधल्या कॅल्शियमयुक्त घटकांचाही हात असतो, असं संशोधनात आढळलं आणि रसायनं बदलली गेली. चाकणला तयार होणाऱ्या फोक्सवॅगन आणि स्कोडाच्या टीएसआय गाड्यांची इंजिनं याच घडणीची. कात्रजचा चढ वरच्या गियरमध्ये, इंजिन कण्हत असताना रेटून नेण्याची सवय आणि त्यात जुन्या प्रतीचं ऑइल, हे धोकादायक मिश्रण आहे. डब्यावर सिंथेटिक लिहिलं असलं तरी धोका टळत नाही.

युरोपीय कंपन्या आणखी पुढे जाऊन स्वतःच्या मंजुरीचे क्रमांक देतात, उदाहरणार्थ मर्सिडीजचा एमबी २२९.५. ‘या दर्जाशी सुसंगत’ हा तेल कंपनीचा दावा असतो. ‘मंजुरीप्राप्त’ म्हणजे वाहन कंपनीने तपासून यादीत घेतलेलं तेल. पाच-सात लिटर ऑइल लागणाऱ्या गाडीत हा फरक विचारायला संकोच कशाला?

डिझेल गाड्यांचं प्रकरण जास्त गंभीर आहे. १ एप्रिल २०२० पासून बीएस-सहा निकष लागू झाले आणि डिझेल मोटारींच्या धुराड्यात काजळी अडवणारी गाळणी आली. ती अधूनमधून तापून काजळी जाळते. पण ऑइलमधल्या धातूंची राख जळत नाही, ती कायमची साचते. म्हणून या इंजिनांना कमी राखेचं ऑइल लागतं, डब्यावर सी२ किंवा सी३ अशी युरोपीय खूण असलेलं. शिवाय अनेक इंजिनं गाळणी तापवण्यासाठी सिलिंडरमध्ये जादा डिझेल फवारतात. वाकडहून हिंजवडी आणि परत, एवढीच रोजची धाव असेल तर हे जाळणं मध्येच तुटतं आणि त्यातलं थोडं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवरची पातळी वाढलेली दिसली की मालकाला हायसं वाटतं, ऑइल खात नाही म्हणून. प्रत्यक्षात ऑइल पातळ होत असतं. ते बदलायचं आणि गाडी महामार्गावर मोकळी पळवून आणायची, हाच त्यावरचा इलाज.

पुणं मुळात दुचाकींचं शहर. आकुर्डीची चेतक आणि फिरोदियांची लुना ज्यांनी वापरली, त्यांना पंपावर पेट्रोलमध्ये मिसळलं जाणारं टू-टी ऑइल आठवत असेल. तेव्हा ऑइल पेट्रोलबरोबर जळून जायचं, बदलायचा प्रश्नच नव्हता. आजच्या मोटरसायकलींत इंजिन, गियर आणि क्लच या तिघांना बहुधा एकच ऑइल पुरतं. मोटारीच्या ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी द्रव्यं असू शकतात, आणि क्लच प्लेट तर घर्षणावरच चालतात. म्हणून दुचाकीसाठी जपानी ‘जासो’ची खूण पाहायची. गियरच्या मोटरसायकलला एमए किंवा एमए२, गियर नसलेल्या स्कूटरला एमबी. चाकणमध्ये बनणाऱ्या केटीएम ड्यूकच्या पुस्तिकेत १५डब्ल्यू-५०, पूर्ण सिंथेटिक, एमए२ असं नि:संदिग्ध लिहिलेलं असतं. ॲक्टिव्हाला १०डब्ल्यू-३०, एमबी. मोटारीचं उरलेलं महागडं सिंथेटिक मोटरसायकलमध्ये ओतण्याची काटकसर क्लच प्लेटच्या खर्चाला आमंत्रण देते.

स्कूटरच्या मागच्या चाकाशी आणखी एक छोटी गियरपेटी असते. तिच्यात शंभर-सव्वाशे मिलिलिटर ऑइल असतं. इंजिन ऑइल वर्षातून दोनदा बदलणारेही या पेटीचा बोल्ट वर्षानुवर्षं उघडत नाहीत. गियर ऑइलच्या वाट्याला एकूणच ही उपेक्षा आलेली आहे.

गियर ऑइलचे आकडेही वेगळ्या मापपट्टीवरचे. तिथलं ९० म्हणजे इंजिन ऑइलच्या ४० ते ५० च्या आसपासचा दाटपणा, त्यामुळे ‘नव्वद नंबर’ ऐकून ते डांबरासारखं असेल असं समजू नये. महत्त्वाची खूण जीएल-४ आणि जीएल-५ यांची. जीएल-५ मध्ये गंधक आणि फॉस्फरसची दाब झेलणारी द्रव्यं साधारण दुप्पट असतात. मार्केट यार्डातून भाजी भरून खंबाटकी चढणाऱ्या पिकअपच्या मागच्या धुऱ्यातल्या क्राऊन-पिनियनला ती हवीच असतात, कारण तिथे दात दातावर नुसते लोळत नाहीत, घासत सरकतात. मात्र हातगियरच्या अनेक पेट्यांत सिंक्रोनायझरच्या पितळी कड्या असतात आणि जीएल-५ मधलं तेच गंधक पितळेला बाधू शकतं. पाच हा चारपेक्षा मोठा आकडा म्हणून सरस, हा समज इथे नुकसान करतो. ऑटोमॅटिक गाड्यांत तर पट्ट्याच्या सीव्हीटीचं, टॉर्क कन्व्हर्टरचं आणि दुहेरी क्लचचं ऑइल एकमेकांच्या जागी मुळीच चालत नाही. पुण्याजवळच्या रांजणगावात बनणाऱ्या नेक्सॉनच्या इलेक्ट्रिक रूपात इंजिन नाही, पण गती कमी करणारी गियरपेटी आहे आणि तिला ऑइल लागतंच.

सिंथेटिकच्या मर्यादाही सांगायला हव्यात. सदाशिव पेठेतून मंडईपर्यंत, तिथून घरी, एवढंच फिरणाऱ्या स्कूटरचं इंजिन नीट तापतच नाही. आत साचलेलं पाणी आणि पेट्रोलचा अंश उडून जात नाही. अशा गाडीत सर्वांत महाग ऑइल घालून ते दोन वर्षं ठेवण्यापेक्षा योग्य प्रतीचं साधं ऑइल वेळेवर बदललेलं चांगलं. ऑइल काळं झालं म्हणून घाबरायचंही कारण नाही. डिझेल इंजिनात ते लगेच काळं होतं, कारण काजळी पोटात घेऊन धरून ठेवणं हे त्याचं कामच आहे.

हे काढलेलं काळं ऑइल जातं कुठे? २०१६ च्या नियमांनुसार ते घातक कचऱ्यात मोडतं. १ एप्रिल २०२४ पासून तर ते गोळा करून त्यावर पुनर्प्रक्रिया होते की नाही, याची जबाबदारी उत्पादकांवरही आली आहे. तरीही ते बांधकामावरच्या सेंट्रिंगच्या फळ्यांना फासलेलं दिसतं, गटारातही जातं आणि पुण्यातलं गटार शेवटी मुळा-मुठेलाच मिळतं. गॅरेजवाल्याला हे विचारणं गिऱ्हाइकाचं कामच आहे.

वॉरंटीच्या धाकाने अनेकजण बाहेरच्या गॅरेजकडे फिरकत नाहीत. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ च्या आदेशात चौदा मोटार कंपन्यांना बजावलं होतं, की स्वतंत्र गॅरेजमध्ये काम केलं एवढ्याच कारणावरून सरसकट वॉरंटी नाकारण्याची अट घालू नये. कंपन्या त्याविरुद्ध अपिलात गेल्या. पण योग्य प्रतीचं ऑइल वापरल्याचा पुरावा हातात असणं कोणत्याही वादात मालकाच्या फायद्याचंच ठरतं. आज बहुतेक बिलांवर ‘इंजिन ऑइल’ एवढंच लिहिलेलं असतं, पुढे रक्कम. त्याऐवजी दाटपणाचा आकडा, प्रत, मंजुरीचा क्रमांक, किती लिटर, तारीख आणि किलोमीटर हे सगळं बिलावर यायला हवं. डबा सीलबंद आला की नाही ते बघावं, समोर फोडायला सांगावा आणि रिकामा झाल्यावर त्याला भोक पाडावं, म्हणजे त्यात बनावट माल भरून तो पुन्हा विकला जाणार नाही. आणि पुण्याच्या आसपास कारखाने असलेल्या एवढ्या कंपन्यांनी बॉनेटखाली किंवा सीटखाली मराठीत एक स्टिकर लावायला काय हरकत आहे? इंजिन आणि गियरपेटीच्या ऑइलचा आकडा, प्रत आणि कोंडीतल्या वापरासाठीची मुदत, एवढं त्यावर असलं की गिऱ्हाईक दुकानात ‘सिंथेटिक द्या’ असं न म्हणता नेमकं ऑइल मागेल.