आजारपणातल्या वस्तू: द्यायच्या, विकायच्या की टाकायच्या?

घरात कुणी दोन-तीन वर्षं अंथरुणाला खिळून असलं की त्या माणसाभोवती वस्तूंचा एक वेगळाच संसार जमतो. डोक्याकडची बाजू वर होणारी लोखंडी कॉट, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून आणलेला एअर बेड, वॉकर, चार पायांची काठी, कमोडची खुर्ची, नेब्युलायझर, साखर तपासायचं मशीन, आणि काही घरांत कोविडच्या लाटेत घाईघाईने घेतलेला ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर. शिवाय फ्रीजच्या दारात इन्सुलिन आणि कपाटात गोळ्यांचा डबा. तो माणूस जातो. तेरावं होतं, पाहुणे परततात आणि मग ती खोली डोळ्यांसमोर येते. ह्याचं आता करायचं काय?

साताऱ्यात काय आणि सांगलीत काय, बहुतेक घरांतलं उत्तर एकच असतं. साधनं माळ्यावर जातात आणि गोळ्यांची पिशवी डॉक्टरांच्या टेबलावर येते. "डॉक्टर, महागाच्या गोळ्या आहेत, टाकवत नाहीत. कुणा गरिबाला द्या." माझं मत नेमकं उलटं आहे. चालू स्थितीतली साधनं महिना-दोन महिन्यांत दुसऱ्या घरी गेली पाहिजेत, आणि गोळ्या मात्र दुसऱ्या पेशंटच्या तोंडात जाता कामा नयेत.

आधी साधनांबद्दल. सत्तरीच्या बाई बाथरूममध्ये पाय घसरून पडतात, खुब्याचं हाड मोडतं, ऑपरेशन होतं. त्यानंतर शक्यतो दुसऱ्याच दिवशी त्यांना वॉकर धरून उभं करायचं असतं. त्या जितके दिवस पडून राहतील तितका छातीत कफ साठून न्यूमोनिया होण्याचा, पायाच्या शिरेत रक्ताची गाठ होण्याचा, पाठीला जखम होण्याचा धोका वाढतो. पण घरी गेल्यावर वॉकर नसतो, मुलगा पुण्याला असतो, "रविवारी आला की आणेल" असं ठरतं आणि चार-पाच दिवस असेच जातात. त्याच गल्लीत कुणाच्या तरी माळ्यावर एक चांगला वॉकर धूळ खात पडलेला असतो. खुब्याच्या पेशंटला तो साधारण दोन-तीन महिने लागतो. म्हणजे एक वॉकर वर्षभरात तीन-चार घरं फिरू शकतो.

मग लोक देत का नाहीत? आळस हे एक कारण आहेच, पण खरं कारण मनात असतं. गेलेल्या माणसाची कॉट दुसऱ्याला कशी द्यायची? घेणाऱ्यालाही अपशकुन वाटतो. मी अशांना एवढंच विचारतो, की तुम्ही ज्या हॉस्पिटलच्या कॉटवर झोपून बरे झालात, त्या कॉटवर तुमच्या आधी कुणी गेलंच नसेल का? भावना मी हसण्यावारी नेत नाही. वडिलांचा चष्मा, काठी, घड्याळ जरूर ठेवा. आजीच्या नऊवारीची गोधडी शिवून घ्या, त्यासारखी ऊब नाही. पण कमोडच्या खुर्चीत कुणाची आठवण नसते.

दुसरी अडचण विकण्याची. "बापाची खाट विकली असं लोक म्हणतील." म्हणू देत. मला तर फुकट देण्यापेक्षा थोडक्या किमतीला विकणं कित्येकदा बरं वाटतं. पैसे मोजणारा माणूस वस्तू हलवून बघतो, ब्रेक लागतो का ते पाहतो, "हे रबर गेलंय" असं तोंडावर सांगतो. फुकट घेणारा संकोचाने गप्प राहतो आणि झिजलेल्या रबराचा वॉकर घेऊन घरी जातो. ओल्या फरशीवर तो वॉकर सरकला की दुसरा खुबा मोडतो. विकायचं नसेल तर अनेक गावांत ज्येष्ठ नागरिक संघ, रोटरी, लायन्स किंवा एखादं मंडळ रुग्णसाहित्य केंद्र चालवतं. अनामत घेऊन वस्तू द्यायची आणि परत आली की अनामत परत करायची, ही पद्धत मला सर्वांत चांगली वाटते, कारण वस्तू परत येते आणि कुणीतरी ती तपासतं.

देण्यापूर्वी काय बघायचं हे वस्तूनुसार बदलतं. वॉकर आणि काठीचे खालचे रबरी बूट बदला, ते स्वस्त मिळतात. घेणाऱ्याने उंची आपल्या मापाची करून घ्यावी. सरळ उभं राहून हात सैल सोडला की मनगट जिथे येतं तिथे मूठ असावी. कॉट, व्हीलचेअर, कमोडची खुर्ची साबणाच्या पाण्याने घासा, मग पातळ केलेल्या ब्लीचने पुसा, दहा मिनिटांनी साध्या पाण्याने पुसून कोरडी करा, नाहीतर लोखंड गंजतं. एअर बेड रात्रभर हवा भरून ठेवा. सकाळी तो बसलेला असेल तर पंप द्या आणि गादी टाका. नेब्युलायझरचं मशीन देता येतं, पण मास्क, नळी आणि औषधाची वाटी नवीनच घ्यायची. साखर तपासायचं मशीन द्यायला हरकत नाही, मात्र बोटाला टोचायचं पेन कधीही देऊ नका. सुई बदलली तरी पेनाच्या तोंडाला रक्ताचा अंश राहू शकतो, आणि हिपॅटायटिस बीचा विषाणू शरीराबाहेर निदान सात दिवस तग धरतो.

ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर ही जरा नाजूक बाब आहे. त्याच्या आत हवेतला नायट्रोजन शोषणारे खनिजाचे बारीक खडे असतात. मशीन महिनोन् महिने बंद राहिलं की हे खडे दमट हवेतला ओलावा ओढतात आणि त्यांची ताकद जाते. आपल्याकडच्या चार पावसाळ्यांत माळ्यावर राहिलेलं मशीन सुरू होतं, आवाज करतं, नळीतून हवाही येते. त्या हवेत ऑक्सिजन किती आहे हे मात्र डोळ्यांना दिसत नाही. म्हणून देण्यापूर्वी किंवा घेण्यापूर्वी तंत्रज्ञाकडून मीटर लावून बघा. प्रमाण नव्वद टक्क्यांच्या खाली असेल तर दुरुस्तीशिवाय ते कुणाला देऊ नका. जुनं सीपॅप किंवा बायपॅप घेणाऱ्यांनी मॉडेल आणि क्रमांक तपासावा. फिलिप्सने जून २०२१ मध्ये आतल्या फोमच्या दोषामुळे अशी बरीच यंत्रं परत मागवली होती.

लघवीने भिजलेली कापसाची किंवा फोमची गादी कुणालाही देऊ नका, विकूही नका. उन्हात टाकून ती "शुद्ध" होत नाही. ढेकूण ऊन लागलं की सावलीच्या बाजूला सरकतात, आणि रक्त न पिता ते कित्येक महिने जगतात. कपड्यांचं तसं नाही. खरजेचा किडा माणसाच्या अंगाबाहेर दोन-तीन दिवसच टिकतो. त्यामुळे गरम पाण्यात धुऊन, कडक वाळवून, आठवडाभर पिशवीत बांधून ठेवलेले कपडे निर्धास्तपणे द्या, नाहीतर बोहारणीला घालून एखादं पातेलं घ्या.

आता गोळ्या. इथे माझ्याशी पुष्कळ जण वाद घालतात. "डॉक्टर, पाकीट फोडलेलंसुद्धा नाही." बरोबर आहे. पण ते पाकीट मे महिन्यात खिडकीत होतं की कपाटात, हे कुणाला माहीत? कात्रीने कापलेल्या पट्टीवर गोळ्या उरतात आणि तारीख गेलेल्या तुकड्यावर राहते. जागतिक आरोग्य संघटनेने औषधदानाची मार्गदर्शक तत्त्वं १९९६ मध्ये काढली आणि पुढे १९९९ व २०१० मध्ये सुधारली. पेशंटला एकदा दिलेली आणि त्याच्याकडून परत आलेली औषधं दान म्हणून पुढे द्यायची नाहीत, असं त्यांत स्पष्ट आहे. हे कठोर वाटतं, पण त्यामागे अनुभव आहे. २००४ च्या त्सुनामीनंतर इंडोनेशियातल्या आचे प्रांतात इतकी नको असलेली औषधं येऊन पडली की त्यांची विल्हेवाट लावणं हेच एक काम होऊन बसलं.

आणि आपल्याकडचा खरा धोका तर घरातच असतो. "दाजींच्या शुगरच्या गोळ्या राहिल्यात, मला पण शुगर हाय, खाल्ल्या तर काय हुतंय?" ग्लिमेपिराइडची दाजींना चालणारी मात्रा एकवेळ जेवणाऱ्या, किडनी थोडी कमजोर असलेल्या म्हातारीला बेशुद्ध करू शकते. साखर चाळिशीच्या घरात आलेली अशी माणसं आम्ही डॉक्टर लोक अधूनमधून बघतोच. संधिवाताची मेथोट्रेक्सेट ही गोळी आठवड्यातून एकदा घ्यायची असते. ती कुणी रोज घेतली तर जिवावर बेतते. रक्त पातळ करणाऱ्या गोळीला घरात सगळे "हार्टची गोळी" म्हणतात, आणि त्याच नावाने ती शेजारी जाते.

मग टाकायच्या कुठे? बिल असेल आणि पट्टी अखंड असेल तर आधी दुकानदाराला विचारा, काही जण परत घेतात. उरलेल्या गोळ्या बेसिनमध्ये सोडू नका. साताऱ्याचं सांडपाणी संगम माहुलीच्या आसपास कृष्णेला मिळतं, आणि खाली सांगलीकर तीच कृष्णा पितात. पाणी शुद्ध करताना जंतू मरतात, पण विरघळलेलं औषध पूर्णपणे निघतंच असं नाही. अपवाद मॉर्फिनसारख्या कॅन्सरच्या वेदनाशामकांचा आणि गुंगीच्या काही औषधांचा. केंद्रीय औषध नियंत्रण यंत्रणेने २०२५ मध्ये अशा १७ औषधांची यादी दिली, जी घरात ठेवण्यापेक्षा संडासात सोडणं कमी धोक्याचं आहे, कारण लहान मुलाच्या हाती एक गोळी किंवा पट्टी लागली तरी पुरते. बाकीची औषधं २०१६ च्या घनकचरा नियमांनी घरगुती घातक कचऱ्यात धरली होती. घंटागाडी हा कचरा वेगळा घेत असेल तर तसा द्या. घेत नसेल तर गोळ्या पट्टीतून काढून चहाच्या चोथ्यात किंवा ओल्या मातीत कालवा आणि पिशवी घट्ट बांधून द्या, म्हणजे त्या उचलून कुणी परत वापरणार नाही.

केरळने २०२५ मध्ये कोझिकोडपासून घरोघरची नको असलेली औषधं गोळा करायची योजना सुरू केली. सातारा नगरपालिकेला आणि सांगली-मिरज-कुपवाड महानगरपालिकेला हे अशक्य आहे असं मला वाटत नाही. औषधांच्या मोठ्या दुकानात एक कुलूपबंद पेटी, आणि ती महिन्यातून एकदा दवाखान्यांचा कचरा नेणाऱ्या गाडीने उचलायची. गाडी तशीही रोज शहरात फिरतेच.

इन्सुलिनच्या सुया हा तर कचरावेचक बायकांच्या जिवाचा प्रश्न आहे. त्यांच्या हातात मोजे नसतात आणि पिशवीत काय आहे हे त्यांना हात घालूनच कळतं. सुया जाड प्लास्टिकच्या बरणीत टाका, झाकण चिकटपट्टीने बंद करा, वर मोठ्या अक्षरांत "सुया" लिहा. पाऱ्याचं जुनं बीपी मशीन भंगारवाल्याला किलोवर घालू नका. त्यात ऐंशी-शंभर ग्रॅम पारा असतो, आणि तो फोडणारा बहुधा पोरसवदा मुलगा असतो. पारा सांडला तर झाडूने लोटायचा नाही की व्हॅक्यूमने ओढायचा नाही, त्याने वाफ पसरते. आणि गच्चीवर उपडं न घालता ठेवलेलं कमोडचं भांडं म्हणजे डेंग्यूच्या डासाचं पाळणाघर. त्याची अंडी कोरडी पडली तरी कित्येक महिने जगतात. वाघ्या डास १९८५ च्या सुमारास अमेरिकेतल्या ह्यूस्टनला पोचला तो जुन्या टायरमधूनच, असं मानलं जातं.

देण्याबद्दल सांगलीकरांना मी वेगळं काय सांगणार? ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली आणि राज्यभरातून मदतीचे ट्रक आले. त्यात सोनं होतं तसा कचराही होता. जुने कपडे पाठवू नका, असं शेवटी लोकांना जाहीरपणे सांगावं लागलं. ज्याचं घर चिखलात आहे, त्याला आपल्या माळ्यावरची फाटकी चादर देणं म्हणजे आपला कचरा त्याच्या दारात टाकणं. त्या दिवसांत गरज होती ती कोरड्या नव्या अंतर्वस्त्रांची, सॅनिटरी पॅडची, चिखलात चालायला गमबुटांची. गमबूट मी मुद्दाम लिहिलं, लेप्टोचा जंतू पायाच्या भेगांतूनही आत शिरतो.

एक गोष्ट मात्र देऊ नका आणि रद्दीतही घालू नका. ती म्हणजे त्या माणसाची फाइल. वडिलांना हार्ट अटॅक पंचावन्नच्या आत आला होता का, आईला पासष्टच्या आत आला होता का, कॅन्सर नेमका कोणता होता, किडनी कशाने गेली, हे तुमच्या आणि तुमच्या मुलांच्या तपासण्या ठरवताना लागतं. "कायतरी छातीचं होतं" एवढ्यावर आम्हाला फारसं काही करता येत नाही. डिस्चार्ज कार्ड, बायोप्सीचा रिपोर्ट, इको आणि अँजिओग्राफीचा कागद एवढं वेगळं काढा, मोबाइलवर फोटो काढून भावंडांना पाठवा. बाकीचे शेकडो रक्ताचे रिपोर्ट खुशाल फाडून टाका. पुढच्या वेळी तपासणीला याल तेव्हा ते चार कागद सोबत आणा.